वाकल्या अंगाचं माप

लग्न होऊन मी या घरात आले त्या दिवशी माझी नणंद पुढच्या खोलीत जमिनीवर आडवी पडून, दोन्ही पाय भिंतीला टेकवून केळं खात होती. "वहिनी, उठत नाही गं, राग मानू नकोस. सकाळपासून एकशे वीस किलोमीटर झालेत," असं म्हणून तिने पडल्या पडल्याच हात पुढे केला. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलेली, म्हणून घरात तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि सायकल चालवणं ही तिची पगारी नोकरी होती.

त्या नोकरीतलं मला आधी ओ की ठो कळत नव्हतं. मोठ्या शर्यतीत शंभर-सव्वाशे जणी एकत्र पळतात, आणि भिंगरीचं काम काय, तर टीमच्या मुख्य खेळाडूपुढे राहून वारा आपल्या अंगावर घ्यायचा. जिंकायची ती दुसरीच. टाइम ट्रायलचं तसं नाही. तिथे ठरावीक वेळाने एकेकीला सोडतात. कुणाचा आडोसा घ्यायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. सगळं भांडण घड्याळाशी. भिंगरीचा जीव त्यातच होता. "हरले तरी माझी मी हरते," म्हणायची.

सासरे शिंपी. घराखालीच दुकान. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि हे ते स्वतःच चारचौघांत सांगायचे. मी लग्नाआधी कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर होते, त्यामुळे महिन्याभरातच मीही दुकानात बसायला लागले.

एकदा भिंगरी टाइम ट्रायलमध्ये सातवी आली आणि तिचा फोटो पेपरात छापून आला. माझे यजमान पेपर नाचवत दुकानात आले. बाबांनी तो कटिंगच्या टेबलावर पसरला, भिंग घेतलं आणि फोटोवर वाकले.

"बाबा, सातवी आले मी," भिंगरी म्हणाली.

"आलीस. पण पोतं घालून आलीस. हे बघ, खांद्यावर चुणी, काखेत फुगा, पाठीवर तर नुसतं शीड उभारलंय. शिंप्याच्या पोरीच्या अंगावर असला कपडा? लोक काय म्हणतील!"

"अंगाला घट्टच बसतो तो, बाबा."

"उभी राहिलीस की बसत असेल."

एवढं बोलले आणि त्यांचं त्यांनाच उमगलं. चाळीस वर्षं त्यांनी माणसांना आरशासमोर ताठ उभं करून मापं घेतली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातला कोट घातलेला पुतळा उचलून बोळात ठेवला आणि त्याच्या जागी भिंगरीची सायकल स्टँडवर चढवली. कोपरं हँडलवर टेकलेली, मान खाली, पाठ सपाट, अशी ती तासभर वाकून बसली आणि बाबा टेप घेऊन तिच्याभोवती फिरत राहिले. मी आकडे लिहीत होते. एक गिऱ्हाईक पँट न्यायला आलं होतं, ते तोंडात बोट घालून बघतच राहिलं.

सायकलच्या कपड्याचं ते ताणलं जाणारं कापड सुईखाली माशासारखं निसटायचं. तीन वेळा बेतलं, तिन्ही वेळा वाया गेलं. चौथा कपडा अंगात चढवून भिंगरी कळवळली, "बाबा, यात उभंच राहता येत नाही!"

"उभं राहायला तुला सांगितलंय कोणी?"

टीमच्या मॅनेजरने आधी नाक मुरडलं. प्रशिक्षक मात्र शहाणा माणूस. गोल ट्रॅकवर त्याने भिंगरीला एकदा टीमच्या कपड्यात पळवलं, एकदा बाबांच्या. जोर तेवढाच लावायचा, पेडलमधलं जोर मोजायचं मीटर बघून. बाबांच्या कपड्यात दर किलोमीटरला जवळजवळ एक सेकंद वाचला. ज्या खेळात एका सेकंदापायी मुली आठवडाभर रडतात तिथे हे घबाडच होतं. प्रशिक्षकाने पुन्हा पळवलं, पुन्हा तेच. मग मॅनेजरनेच टीमचं कापड आमच्या दुकानात पाठवलं, आणि भिंगरीला वारा अडवण्याच्या कामातून काढून टाइम ट्रायलच्या तयारीला लावलं.

पुढच्या पाच वर्षांत ती राष्ट्रीय स्पर्धेत एकदा तिसरी आणि तीनदा दुसरी आली. एका पत्रकाराने तिला 'कायमची दुसरी' म्हटलं. ती हसली, पण तो पेपर तिने घरी आणला नाही. मग एका ओल्या वळणावर चाक घसरलं. गळ्याचं हाड मोडलं, खुब्याला चीर गेली. टीमने पुढचा करार केला नाही. वय तेहतीस. सगळ्यांना वाटलं, संपलं. ती मात्र काठी टाकली त्याच आठवड्यात सायकलवर बसली. एका छोट्या टीमने तिला घेतलं. तिचा जुना प्रशिक्षकही तिथेच गेला होता.

तोवर बाबांचा हात कापायला लागला होता. सुईत दोरा ओवायला त्यांना मी लागायचे. एका सकाळी त्यांनी कात्री माझ्यापुढे सरकवली. "तू बेत." मी बेतलं, शिवलं. त्यांनी बोटाने शिवण चाचपली आणि सगळी उसवली. दुसऱ्यांदाही उसवली. तिसऱ्यांदा नुसतं "हं" म्हणाले आणि चहा मागितला. त्या "हं"वर मी चार दिवस उडत होते.

राष्ट्रीय स्पर्धा बत्तीस किलोमीटरची होती. सव्वीस जणी, दोन-दोन मिनिटांनी सोडायच्या. वर्षभर शर्यती खेळल्या नसल्यामुळे भिंगरीला सुटायचा नंबर चौथा मिळाला. नावाजलेल्या सगळ्या शेवटी. मागच्या गाडीत प्रशिक्षकाच्या शेजारी मी बसले. बाबा अंतिम रेषेपाशी थांबले.

सुरुवातीच्या लाकडी उतारावरून ती सुटली आणि पुढची त्रेचाळीस मिनिटं मला फक्त तिची पाठ दिसत होती. प्रशिक्षक रेडिओवर बोलत होता, "श्वास घे... मान खाली... पुढे उजवं वळण, मोकळं आहे." त्या वळणावर तिची बोटं ब्रेककडे गेली. "सोड," तो हळूच म्हणाला, "रस्ता कोरडा आहे." बोटं परत आली. ती आत झुकली, आणि गेली सुद्धा. परतीला वारा समोरून होता. तिच्याआधी निघालेली मुलगी दिसायला लागली, जवळ आली, मागे पडली. प्रशिक्षकाने घड्याळ माझ्यापुढे धरलं.

त्रेचाळीस मिनिटं, दहा सेकंद. ती पोहोचली तेव्हा शेवटची मुलगी अजून निघालीसुद्धा नव्हती.

आता नियम असा की जिची वेळ सगळ्यांत चांगली तिने मांडवातल्या खुर्चीत बसायचं, कोणी तिला उठवेपर्यंत. भिंगरी घामाने निथळत बसली. शेजारी पाण्याच्या बाटल्यांचं खोकं उलटं करून बाबा. समोर पडद्यावर एकेक जण यायची आणि आकडा लागायचा: त्रेचाळीस चाळीस. चव्वेचाळीस दोन. त्रेचाळीस एकोणीस. दर आकड्याला बाबा खोक्यावर थोडे सरकत होते.

शेवटची होती मागच्या वर्षीची विजेती, चोवीस वर्षांची. अर्ध्या वाटेवर ती भिंगरीपेक्षा चार सेकंदांनी पुढे होती.

"येणार ती," भिंगरी म्हणाली.

"वारा तिलाही आहे," बाबा म्हणाले.

ती आली, दात-ओठ खात, अंग हलवत. आकडा थांबला: त्रेचाळीस बारा. दोन सेकंद! भिंगरी उठलीच नाही. तिने तोंडावर हात धरले आणि खांदे गदगदायला लागले. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "पोरी, चौतीस वर्षं तुझ्या अंगाची मापं घेतोय, पण तुझं माप मला आज कळलं." त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

थोड्या वेळाने ती हरलेली मुलगी डोळे पुसत आमच्याकडे आली. भिंगरीला मिठी मारली, मग बाबांना नमस्कार करून म्हणाली, "काका, मलाही असा शिवून द्याल?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला विचार. हा हिने शिवलाय."

मी भिंगरीकडे बघितलं. ती म्हणाली, "दे शिवून. काम आहे तुझं ते."

मी दिला. पुढच्या वर्षी ती मुलगी भिंगरीला अकरा सेकंदांनी मागे टाकून जिंकली, आणि भिंगरी आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. पण तिथल्याच एका खेळाडूने नंतर मला सांगितलं, की बक्षीस घ्यायला उभं असताना भिंगरी जो भेटेल त्याला म्हणत होती, "आम्हा दोघींचे कपडे बघा. दोन्ही माझ्या वहिनीच्या हातचे."