झाकण लावायच्या आधीची हाक

त्या दिवशी बाबांनी पाइपावर पाना वाजवला तेव्हा मी खिडकीशी उभी राहून संत्रं सोलत होते. दोन ठोके, जरा थांबून आणखी एक. म्हणजे वाफ चढली, चहा आण. आमच्या राइस मिलमध्ये ऑफिस आणि बॉयलरघर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. वाफेचा जाड पाइप त्या भिंतीतून धानाच्या टाक्यांकडे जायचा. पलीकडे बाबांनी पाना मारला की अलीकडे माझ्या खुर्चीमागे तो आवाज यायचा. फोन दोघांकडेही होते. पण बाबांचं म्हणणं असं की फोन उचलावा लागतो, याले उचला लागत नाई.

जानेवारी चालू होता आणि ब्रह्मपुरीत त्या आठवड्यात चांगलीच थंडी पडली होती. धान घेऊन आलेली माणसं, ट्रकचे ड्रायव्हर, सगळे काही ना काही निमित्त काढून ऑफिसात शिरत आणि त्या भिंतीला पाठ लावून उभे राहत. जुन्या बॉयलरवरचं आणि पाइपावरचं लेपण जागोजागी निघालं होतं. जी ऊब टाक्यांकडे जायला हवी, तिच्यातली बरीचशी वाटेत भिंतीलाच मिळायची. आमचे डबे त्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवलेले असत. लोक तिला बाबांच्या नावानं बापूभाऊची भिंत म्हणत.

मी चहा घेऊन गेले. बाबा बॉयलरच्या विटांना टेकून स्टुलावर बसले होते, एक डोळा वाफेच्या काट्यावर. तांदूळ काढल्यावर उरणारं तूस भट्टीत जात होतं आणि बाहेर धुराड्यातून काळा धूर निघत होता. गावातून त्या धुराबद्दल तक्रारी आल्या होत्या. मालक ताबिशभाई त्यामुळे नवा बॉयलर घ्यायचं म्हणत होते. बाबांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, पण ते स्वतःच गोंदियाकडे जाऊन तसा एक पाहून आले होते आणि त्याच्या गोष्टी सांगून थकत नव्हते.

"या बुढ्याले भूक लय झाली," ते म्हणाले. "खाते हत्तीवानी, अन् अर्धी वाफ आभाळाले वाटून देते. तो नवा धुरातली ऊब सुद्धा ओढून परत पाण्यात घालते. पक्का कंजूस हाय."

मग आमच्या भिंतीचं काय, असं मी विचारलं.

"थंडी पडन. स्वेटर घालजो." त्यांनी घोट घेतला. "साखर कमी काऊन टाकली?"

डॉक्टरांनी सांगितलंय, म्हटलं. त्यावर एक दिवस त्या डॉक्टरलाच हा चहा पाजतो म्हणाले. संध्याकाळी आम्ही एकाच स्कूटरवर घरी गेलो. वाटेत त्यांनी लाखोळीची भाजी घेतली आणि जुडी नाकाशी धरून बराच वेळ वास घेत राहिले. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे पहाटे गेले, मी ऑफिसच्या वेळेला गेले. भिंत गरम होती. ठोके आले नाहीत, पण भिंत गरम होती म्हणून मला काही वाटलं नाही. पाठ टेकून मी ट्रकांचे गेटपास लिहीत बसले. मग लच्छूकाका दारात आले. बाबांच्या हाताखाली तयार झालेले हे दुसरे बॉयलरवाले. आत यायला कधी न विचारणारा माणूस उंबऱ्याबाहेरच थांबला.

बाबांनी भट्टी पेटवली होती, वाफ चढवली होती, काटा हवा तिथे आणला होता आणि स्टुलावर टेकले होते. तिथून ते उठले नाहीत.

उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायचा तर धान आधी रात्रभर भिजवून ठेवतात. भिजलेलं धान तसंच राहिलं तर आंबतं, आणि मग त्या तांदळाचा वास जात नाही. त्यामुळे लच्छूकाका डोळे पुसत परत गेले आणि बाबांच्याच आगीवर त्या दिवसाचं सगळं धान उकडून काढलं. मला गाडीत बसवून घरी पाठवलं. मी खुर्चीवरून उठले तेव्हा माझी पाठ उबदार होती. घरी पोचेपर्यंत ती तशीच राहिली.

आमच्या घरात भूत चालत नाही. आजोबांनी चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि देव सोडले, त्याच दिवशी भुतंही सोडली, असं बाबा सांगत. बॉयलरला कोणी लिंबू-मिरची बांधली तर ते पान्यानं काढून टाकत. दसऱ्याला बाकीचे बॉयलरला हार घालत तेव्हा बाबा बाहेर जाऊन पाणी पीत उभे राहत, आणि पूजा झाली की आत येऊन काट्यावर आलेली झेंडूची फुलं तेवढी बाजूला करत.

एकच गोष्ट ते अशी करायचे की नवख्याला तो विधी वाटावा. वर्षातून एकदा बॉयलर थंड करून त्याचं झाकण काढतात. माणूस मावेल एवढंच तोंड. मिलमधले मजूर पत्रू आणि इतवारी आत उतरून पाण्यातल्या क्षारांचे साचलेले थर खरवडून काढत. काम झालं की बाबा झाकणाशी उभे राहून आतल्या अंधारात तोंड घालत आणि एकेकाचं नाव घेऊन हाक मारत. ज्याचं नाव, त्यानं बाहेरून उत्तर द्यायचं. पत्रू? बाहेर. इतवारी? बाहेर. लच्छू? बाहेर. शेवटी स्वतःचं नाव घेत, "बापूराव?" आणि मागे वळून स्वतःच गंभीरपणे म्हणत, "बाहेर." यावर दर वर्षी सगळे हसत. पण उत्तर आल्याशिवाय झाकण कधी लागलं नाही. कुठल्याशा मिलमध्ये उन्हाळ्याच्या दिवसांत गारव्याला म्हणून एक माणूस आत झोपला होता आणि कोणी हाक मारली नव्हती, ही गोष्ट बाबांनी त्यांच्या उस्तादाकडून ऐकली होती. पुढचं ते सांगत नसत.

बाबांच्या पुण्यानुमोदनाला मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी एम.ए. झालेली, घरात पुस्तकं माझीच. मी उभी राहिले, हात जोडले आणि बसले. बाबा आता नाहीत हे सांगणारं वाक्य पुढेही माझ्या तोंडून निघालं नाही. बापूभाऊ आहेत का, असा कोणाचा फोन आला तर मी सांगे, ते मिलवर नाहीत. बँकेत, नगरपरिषदेत, जिथे जिथे ते म्हणावं लागणार होतं तिथे आईला पुढे केलं. आई म्हणाली आणि मी शेजारी उभी राहिले.

आणि पाइप वाजायला लागला.

कारण मला माहीत होतं. थंड पाइपात पाणी साचलेलं असतं आणि लच्छूकाका कॉक जरा घाईनं उघडतात, त्यामुळे वाफ पाण्यावर आदळते आणि ठोका बसतो. बाबांनीच मला ते समजावलं होतं. तरी ठोका आला की मी उठत असे. गॅस पेटवून पातेलं ठेवल्यावर लक्षात यायचं. तोपर्यंत दूध ओतलेलं असायचं. एकदा ताबिशभाई दारात उभे राहून हे सगळं बघत होते. त्यांनी पुढे होऊन तो कप उचलला आणि तिथेच उभं राहून चहा संपवला. नंतर कित्येक दिवस ते बरोबर त्या वेळेला ऑफिसात येत राहिले, आणि त्यांना चहा मुळीच आवडत नाही.

उन्हाळ्यात जुना बॉयलर कायमचा विझवला. पावसाळ्यात त्याच्या समोरच नवा बसला, रंगवलेला, चकचकीत, कुठूनही हात लावला तरी थंड. ऊब बाहेर सुटू नये म्हणून त्याच्यावर जाड थर आणि वरून पत्रा. नवा पाइप वरून, छपराजवळून गेला, तोही पत्र्यात गुंडाळलेला. जुना पाइप दोन्हीकडून कापला. भिंतीतला तुकडा तेवढा तसाच ठेवला, तो काढला तर भिंत फुटली असती.

त्या तुकड्याला आता कशाचीच जोडणी नव्हती. तरी एका दुपारी माझ्या खुर्चीमागे दोन ठोके आले, जरा थांबून आणखी एक. मी लच्छूकाकांना सांगितलं. ऊन पडलं की लोखंड फुगते, ते म्हणाले. तेही खरं होतं. पुढच्या वेळी आले तेव्हा दिवसभर आभाळ होतं. या वेळी मी कोणाला सांगितलं नाही. उठले आणि चहा ठेवला.

आईला मात्र कळलं. माझ्या ओढणीला रोज उतू गेलेल्या दुधाचा वास येई. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तू म्हणत नाईस, म्हणून त्यायची ड्युटी सुटत नाई."

देव-भुतं न मानणारी आई कधी अशा भाषेत बोलत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दिवाळीनंतर नवं धान आलं. आदल्या संध्याकाळी पहिली टाकी भिजवली होती, म्हणजे आज नव्या बॉयलरवर ती उकडायलाच हवी होती. सुरुवातीचं बटण आमच्या घरच्या कोणीतरी दाबावं असं ताबिशभाईंच्या मनात होतं. आईनं मला पाठवलं.

मी पोचले तेव्हा पत्रू आणि इतवारी नव्या बॉयलरच्या आतून धुऊन-पुसून बाहेर आले होते. वेल्डिंगची खपली, तेल, सगळं काढावं लागतं. समोर जुना बॉयलर उघडा पडला होता, झाकण नसलेला. भंगारवाला दुसऱ्या दिवशी येऊन त्याचे तुकडे करणार होता. दोघांची तोंडं समोरासमोर होती, मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा.

लच्छूकाकांनी नव्याच्या तोंडात डोकं घातलं.

"पत्रू?"

"बाहेर."

"इतवारी?"

"बाहेर हाय ना बे, तुह्या मांगं."

"लच्छू?" ते वळले, छाती पुढे काढली. "बाहेर."

सगळे हसले. पत्रूनं झाकण उचललं. इथे हाक संपायला हवी होती. पण लच्छूकाकांनी इतकी वर्षं ती ज्या नावावर संपताना ऐकली होती, जीभ तिथपर्यंत आपोआप चालत गेली. ते पुन्हा आत वाकले आणि म्हणाले, "बापूराव?"

जन्मात त्यांनी बाबांना भाऊ लावल्याशिवाय हाक मारली नव्हती.

हाक नव्याच्या पोटात गेली, आणि तेच नाव आमच्या पाठीमागून, जुन्याच्या तोंडातून, जरा जाड होऊन परत आलं. समोरासमोर दोन पोकळ भांडी असली की असं होणार. मला ते कळत होतं. तरी मी मागे वळून पाहिलं.

लच्छूकाका डोकं बाहेर काढून स्वतःच्या ओठांना हात लावत उभे राहिले. ताबिशभाई हळू म्हणाले की चुकून आलं, काका, काही हरकत नाही, झाकण लावा, धान थांबलंय. पत्रूनं हातातलं झाकण खाली ठेवलं.

"नाव घेतलं ना शेठ. जवाब पाहिजे."

"पत्रू, अरे ते..."

"मले माहीत हाय ते कुठी हायत. पण हे झाकण मी जवाबाबिगर आजवर लावलं नाई. त्यायनंच शिकवलं."

इतवारी लच्छूकाकांना म्हणाला, तुह्या तोंडातून निघालं, तूच दे आता. लच्छूकाकांनी मान हलवली. ज्याचं नाव त्यानं द्यायचं, नाहीतर त्याच्या माणसानं. एवढं बोलून ते जमिनीकडे बघत राहिले. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं, आणि त्यामुळे सगळे कशाची वाट बघताहेत ते मला समजलं.

टाक्यांकडून भिजलेल्या धानाचा वास येत होता. अजून गोड होता. दुपारनंतर तो बदलला असता.

मी पुढे झाले. नव्या बॉयलरच्या आत सोड्याचा आणि कोऱ्या लोखंडाचा वास होता. मग मी वळून जुन्याच्या तोंडाशी गेले. आत राख नव्हती, ऊब नव्हती, फक्त अंधार आणि गंज. काठावर हात ठेवला. इतकी वर्षं जी भिंत मला शेकत होती, तिच्या पलीकडचं हे लोखंड. नोव्हेंबरातल्या कुठल्याही लोखंडाइतकं गार.

बाहेर, एवढंच म्हणायचं होतं. ओठ उघडलेही. पण बाहेर म्हणजे हात धुऊन उन्हात उभा असलेला माणूस, जो आता घरी जेवायला जाणार. तसं म्हटलं असतं तर मी संध्याकाळी स्कूटरवर मागची जागा मोकळी ठेवली असती, आणि उद्या ठोका आला की उठून दूध ठेवलं असतं.

कुठेतरी, भिंतीत असेल किंवा छपराच्या पत्र्यात, टक् असा आवाज झाला. एकच. मी पुढच्या ठोक्याची वाट पाहिली नाही.

"बापूराव आत नाई," मी त्या अंधारात म्हणाले. माझा आवाज मलाच परत ऐकू आला. "बाबा गेले. माझे बाबा गेले, लच्छूकाका. लावा झाकण."