रक्षाच्या गळ्यातला रुमाल

मित्रांनो, मी एक जुना, धुऊन धुऊन विटलेला रुमाल आहे. वडगावच्या शालूबाईंनी टॉवेलचे तुकडे कापून आम्हा बारा भावंडांना शिवलं आणि नाड्या लावल्या. काम एकच: त्यांच्या अकरा वर्षांच्या रक्षाची लाळ टिपणं. मला कुणी 'लाळेरं' म्हटलं की मी चिडतो. लाळेरं तान्ह्या बाळाला बांधतात.

जन्माच्या वेळी रक्षाच्या मेंदूला इजा झाली. त्यामुळे तिला चालता येत नाही, बोलता येत नाही, लाळही वेळेवर गिळता येत नाही. समजतं मात्र सगळं. मांडीवरच्या पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिली आहेत. त्यांवर बोट ठेवून ती बोलते. पण मी चिंब झालो की लाळ पुठ्ठ्यावर टपकायची आणि अक्षरं पुसट व्हायची. दिवसातून दहा वेळा आम्हाला बदलावं लागे. तिची हनुवटी सोलवटून लाल झाली होती. आणि येईल तो सांगे, "तोंड मिटायला शिकवा की तिला!" मित्रांनो, फुकटचे सल्ले टिपणारा रुमाल अजून कुणी शिवलेला नाही!

गेल्या वर्षी निपाणीला ताराबाईआत्यांकडे बारसं होतं. आत्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "शालू, पावणे जेवायला बसल्यात. पोरीला मागच्या खोलीत बसीव की गं."

रक्षाचं बोट पुठ्ठ्यावर सरकलं: 'मला ऐकू येतं.' आईशिवाय ते कुणी वाचलं नाही. शालूबाई न जेवताच लेकीला घेऊन बसमध्ये बसल्या.

त्याच आठवड्यात आईवडिलांनी तिला बेळगावच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "बोट्युलिनम नावाचं औषध आहे. मुळात ते विषच, पण अगदी मोजक्या मात्रेत लाळेच्या ग्रंथींत टोचलं की लाळ कमी होते. गुण काही महिने टिकतो, मग पुन्हा टोचावं लागतं. तोंड कोरडं पडू शकतं. गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, तर लगेच दवाखाना गाठायचा."

"इष?" रक्षाचे वडील तम्मण्णा उठूनच उभे राहिले. "माझ्या लेकराला इष टोचायचं व्हय? न्हाय जमायचं!"

मग अर्धा तास तिघं बोलत राहिले. आई समजावत होती, वडील मान हलवत होते. जिच्या गळ्यात मी होतो, तिला कुणी विचारेना! माझा जीव नुसता कावला होता. शेवटी रक्षानं पुठ्ठ्यावर हात आपटला. एकेक अक्षर दाखवायला तिला किती वेळ लागला! 'आप्पा, भीती मला पण वाटते. तरी टोचा.'

तम्मण्णांनी ते दोनदा वाचलं आणि खाली बसले.

सुया टोचल्या तेव्हा ती रडली. पहिले काही दिवस भाकरीचा घास कोरडा लागे, घोटघोट पाणी प्यावं लागे. पण आठवडाभरानं दिवसाला दोनच रुमाल पुरू लागले. हनुवटी भरून आली. चार महिन्यांनी लाळ पुन्हा वाढली, तेव्हा दवाखान्यात नंबर लावायला तम्मण्णाच गेले.

आता रक्षा शाळेत जाते. तरीही वाटेत लोक तिच्यासमोर तिच्या आईलाच विचारतात, "हिचं नाव काय हो?" अहो, तिलाच विचारा ना! मित्रांनो, तुम्ही तरी तिलाच विचारा. ती दोन अक्षरं दाखवेल. वेळ लागेल. तेवढं थांबा.