महादेवीच्या हाताखालचा दांडा

मी एक लोखंडी दांडा बोलतोय. महादेवीच्या खाटेपासून बाहेरच्या दारापर्यंत भिंतीला ठोकलेला.

माझा जन्म कोल्हापुरातल्या उद्यमनगरचा, एका लोखंडकामाच्या कारखान्यातला. कुणाच्या तरी गेटातून उरलेला पाइप मी. दोन हजार तीन साली संगमेशनं मला घासूनपुसून घरी नेलं. त्याच्या आईला, महादेवीला, पॅरालिसिसचा झटका आला होता. उजवं अंग लुळं पडलं होतं आणि जिभेवर शब्द येता येत नव्हता.

व्यायाम शिकवायला रोहिणीताई यायच्या. "काकू, आधी डावा हात पुढं. मग उजवा पाय, मग डावा." महादेवी मला धरायची तेव्हा तिचा तळवा घामानं ओला असे. भीती कशी असते, ते मला त्या ओलाव्यानं शिकवलं. परत येताना मी तिच्या लुळ्या बाजूला पडायचो, म्हणून ती भिंतीकडं तोंड करून खेकड्यासारखी आडवी सरकायची.

तिच्याहून जास्त भ्यायचे तिचे मालक, बाळाप्पा. गुळाच्या अडतीत जन्म गेलेला दांडगा माणूस, पण बायको उभी राहिली की त्यांचा आवाज कापायचा. "पडशील की गं. आज ऱ्हाऊ दे."

आणि एकदा ती खरंच पडली. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. दुसऱ्या दिवशी रोहिणीताई आल्या तर बाळाप्पा दारातच म्हणाले, "आता नको. हाय तशी हाय, ऱ्हाऊ दे."

माझ्यावर टॉवेल वाळू लागले. महादेवीची बोटं आत वळत चालली. दाराजवळच्या भिंतीला ओल होती. तिथला माझा स्क्रू हळूहळू सैल होत गेला. मला ते कळत होतं. सांगणार कुणाला?

मग ती दुपार आली. संगमेश कागलच्या एमआयडीसीत कामाला गेला होता. बाळाप्पा पाणी प्यायला उठले, "अगं..." एवढंच म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कोसळले. महादेवीनं हाक मारायचा प्रयत्न केला. घशातून नुसता घोगरा आवाज निघाला. दाराला आतून कडी होती.

मग ती कशीबशी उठून बसली, माझ्यावरचे टॉवेल ओढून खाली टाकले आणि मला धरलं. उजवा पाय फरशीवर फरफटत येत होता. तिची भीती माझ्यात उतरली, की माझी तिच्यात, सांगता येत नाही. पुढं तो सैल स्क्रू होता.

ती तिथं पोचली आणि मी हललो. चुना सांडला. ती जागच्या जागी थिजली. सगळा भार माझ्यावर आला असता, तर मी तिला घेऊनच खाली गेलो असतो.

तिनं मागं वळून नवऱ्याकडं पाहिलं. मग मला सोडलं, खांदा भिंतीला टेकवला आणि घासत घासत पुढं गेली. कडी निघाली. ती दारातच खाली घसरली, पण दार उघडलं होतं.

"शालू... बा... बा," ती ओरडली. घाबरल्यावर 'ये' म्हणायला घरची कानडीच तोंडात आली.

शेजारच्या शालूबाई धावत आल्या. "काकी, तुमी हितं कशा आलासा?" महादेवीनं फक्त आत बोट दाखवलं.

बाळाप्पांच्या रक्तातली साखर उतरली होती. वेळेत दवाखान्यात नेलं, म्हणून परत आले. संगमेशनं भिंत खरवडून मला नव्यानं पक्कं बसवलं. रोहिणीताईंना बोलवायला बाळाप्पा स्वतः गेले.

आता मी जुना झालोय. तिची मूठ पडते तिथला रंग उडालाय. ती काठी टेकत अंगणापर्यंत जाते, पण खाटेपासून दारापर्यंत अजून मीच लागतो. बाळाप्पा अजून मागं उभे राहतात आणि अजून म्हणतात, "पडशील की."

"पडू... दे," ती म्हणते.

तिची भीती गेली, असं मी सांगणार नाही. आजही तिचा तळवा ओला असतो. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर तुमच्या भीतीपायी त्यांना खाटेवर बांधू नका. शेजारी उभे राहा, हवं तर थरथरा, पण त्यांना चालू द्या.

बरं, थांबतो. तिनं खाटेवरून पाय खाली सोडलेत.