डावा हिरवा

इडलीच्या आकाराच्या उशा मल्हारने एका हाताने बाजूला सारल्या आणि सोफ्याच्या अगदी कडेवर बसला. तेवढ्यावरूनच वासंतीबाईंनी ओळखलं, पोरगा काहीतरी ठरवून आलाय.

पुण्याहून येतोय एवढंच त्याने सकाळी कळवलं होतं. येऊनही दहा मिनिटं दाराबाहेरच फोनवर ऑफिसचं बोलत उभा होता. आत आला तो घर न्याहाळतच. भिंतीवरचं उलटं चालणारं घड्याळ, मिशा रंगवलेला स्विचबोर्ड, वांग्याच्या आकाराचा जांभळा दिवा. एरवी आलेला माणूस हसायचा. मल्हार एकेका वस्तूकडे डॉक्टर रिपोर्ट बघतात तसा बघत होता.

"आई, पद्मनाभकाकांचा फोन आला होता."

पद्मनाभ म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला ह्या गृहस्थांना मुहूर्त लागत नसे.

"काय म्हणाले?"

"की तू दोन पायांत दोन रंगांचे बूट घालून फिरतेस. महिनाभर. आणि तुझ्या लक्षातही येत नाही."

शेजारी बसलेल्या, वासंतीबाईंच्या रोजच्या सोबतीच्या महानंदाअक्का फस्‌कन हसल्या. मल्हार हसला नाही.

"उद्याची दोन तिकिटं काढलीत. सोमवारी पुण्यात डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे. आणि नंतर तू आमच्याकडेच राहा. हा फ्लॅट भाड्याने देऊ."

सर्जापूर रोडवरचा हा फ्लॅट, खालची बाग, अक्कांबरोबरचं रोजचं फिरणं, सगळं त्याने चार वाक्यांत गुंडाळलं. साठी बुद्धी नाठी म्हणतात. वासंतीबाई तर सहासष्टच्या होत्या. एकदा का लोकांनी तसं ठरवलं, की बाईने मीठ जास्त घातलं तरी तो पुरावाच.

"अरे, ती गंमत आहे," त्या म्हणाल्या. "इंदिरानगरला आम्ही दोघींनी बेडकाच्या डोळ्यांचे बूट घेतले. मी हिरवे, अक्कांनी केशरी. मग एकेक बदलला. माझा डावा हिरवा, उजवा केशरी. अक्कांचा बरोबर उलटा. दोघी मिळून पूर्ण होतो."

"होय की! माप एकच आहे आमचं," अक्का म्हणाल्या.

"आई..."

"चल, दाखवते. आत्ताच फिरून आलोय. दाराबाहेरच काढलेत."

त्यांनी ऐटीत दार उघडलं. आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

भिंतीशी हिरव्याशेजारी हिरवा होता, केशरीशेजारी केशरी. दोन जोड्या, चारचौघींच्या असतात तशा.

"अय्यो!" मागून अक्कांचा आवाज आला. "हे कसं गं, वासंती? आपण नीट घातले होते ना?"

'होते ना'. म्हणजे अक्कांनाही खात्री नव्हती. वासंतीबाईंनी आठवून पाहिलं. लिफ्टमध्ये खाली बघितलं होतं, डावा हिरवा होता. आजच ना? की काल? आठवणीत हात घालावा तर तिथे काहीच धड लागेना.

मल्हारने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे, आई. होतं असं ह्या वयात. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

तो ओरडला असता तर त्यांनी चार शब्द सुनावले असते. पण त्याचा आवाज मऊ होता, आणि त्या मऊपणाने त्या खचल्या. उंबरठ्यातच खाली बसल्या. पुण्यात कुठल्या खोलीत ठेवतील, दाराला बाहेरून कडी असेल का, इथवर मन पोचलं.

बसल्यामुळे बूट डोळ्यांसमोर आले. त्या बघत राहिल्या.

चारही बूट एका रेषेत होते. टाचा भिंतीला, तोंडं बाहेर. त्या आणि अक्का बूट भिरकावून आत येत. असे बूट लावायचे ते विश्वेश्वर, त्यांचे यजमान. निघताना पाय घातला की चालायला लागावं, म्हणायचे. ते जाऊन सात वर्षं झाली. ही शिस्त त्यांनी छडी घेऊन एकाच माणसाला लावली होती. त्या माणसाचे काळे बूट त्याच रेषेत पाचवे-सहावे उभे होते.

"मल्हार, हे बूट तू लावलेस."

"मी? छे, मी तर आल्याबरोबर..." तो थांबला. बुटांकडे बघितलं, मग हातातल्या फोनकडे. "असतील लावले. विस्कटलेले होते, रंग बघून लावले असतील. फोन चालू होता गं, आठवत नाही मला."

बोलून झालं आणि आपणच काय बोललो ते त्याच्या कानांवर पडलं. तोंड उतरलं. तो छत्तीस वर्षांचा होता.

अक्कांनी पदर तोंडाला लावला. वासंतीबाईंच्याही जिभेवर ती साठीची म्हण आली होती, पण ती त्यांनी गिळली.

"मला खरं वाटलं रे," त्या म्हणाल्या. "तू इतक्या मायेनं सांगितलंस, की मला खरंच वाटलं माझं डोकं गेलं म्हणून."

मल्हार त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला, चारही बूट जवळ ओढले आणि एक हिरवा उचलून उलटसुलट करून पाहिला.

"तुझा डावा कुठला, आई?"

"हिरवा," त्या म्हणाल्या. "आणि उद्याचं तिकीट एकच ठेव. तुझं."