बदामची सत्ती आणि अठ्ठी

वेगासमधलं सकाळचं ऊन मोठं दुष्ट. रात्रभर हरून बाहेर पडलेल्या माणसाला जाब विचारायला घरी बायको नसली तरी हे ऊन असतंच. म्हणून मर्लनं कसिनोच्याच नाश्त्याच्या हॉटेलात, खिडकीपासून लांब, भिंतीकडचं टेबल धरलं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं, पाठ धरली होती, आणि कॉफीचा कप उचलायचाही कंटाळा आला होता.

समोर अ‍ॅन्सल मात्र मजेत. तळलेल्या अंड्यांवर लाल सॉस ओतत होता आणि गुणगुणत होता.

"जोलीन कधी येतेय?" त्यानं विचारलं. तिसऱ्यांदा.

"येईल आता."

जोलीन म्हणजे अ‍ॅन्सलची लेक. लांबच्या आयडाहोहून गाडी चालवत येत होती, बाप कसा आहे ते बघायला. तिनं मागंच बजावलं होतं. "मर्लकाका, पप्पांचं डोकं चालतंय तोवर मी त्यांना हलवणार नाही. पण ते एकटे राहतात. हातातले पत्ते वाचता येईनासे झाले की मला सांगायचं. खरं सांगायचं." मर्लनं शब्द दिला होता. आणि गेलं वर्षभर फोनवर ठोकून देत होता, "अगं, तुझा बाप मला अजून विकून खाईल!"

खोटं बोलायची त्याला हौस नव्हती. पण अ‍ॅन्सल गेला तर मागं काय राहणार? एके काळी मर्ल सिमेंटचा ट्रक हाकायचा आणि अ‍ॅन्सल दुकानांच्या निऑनच्या पाट्या दुरुस्त करायचा. तेव्हापासून दोघं शेजारी बसून पोकर खेळत आले. बायका गेल्या, नोकऱ्या संपल्या, खुर्च्या तेवढ्या राहिल्या. अलीकडे आपली पाळी आली हे अ‍ॅन्सलच्या ध्यानात यायचं नाही, मग मर्ल टेबलाखालून त्याला गुडघा मारायचा. नियमात बसत नव्हतं ते. त्या टेबलावर पहिला नियम हाच, एका हाताला एकच खेळाडू. दुसऱ्याच्या पत्त्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

आणि काल काय केलं त्यानं? मर्ल कपाळ चोळत बसला.

तिथं एक बक्षीस आहे. अभाग्यांसाठीच म्हणा ना. चार गुलामांसारखा जबरदस्त हात घेऊनही कुणी हरला, तर महिनोन् महिने साठलेली रक्कम निघते. हरणाऱ्याला अर्धी, जिंकणाऱ्याला पाव, उरलेली टेबलावरच्या सगळ्यांना वाटून. अट एकच, दोन्ही हात उघडे होईपर्यंत कुणी दुसऱ्याला काही सुचवायचं नाही. सुचवलं की बक्षीस बाद. जन्मभर खेळूनही बहुतेकांना ते दिसत नाही.

काल मर्लच्या हातात दोन गुलाम होते आणि टेबलावर सगळ्यांसाठी उघड्या पडलेल्या पत्त्यांत दोन. बोली संपली. त्यानं चारही दाखवले. टेबलावर बदामची नव्वी, दश्शी आणि गुलाम ओळीनं पडलेले. अ‍ॅन्सलनं आपले पत्ते नेहमीसारखे डोळ्यांशी नेले. हल्ली तो ते इतके वर धरायचा की शेजारच्याला मान वळवावी लागायची. मर्ल रोज वळवायचा. काल आपल्या गुलामांच्या नादात राहून गेलं होतं, ती आता वळवली.

बदामची सत्ती आणि अठ्ठी. सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, पाचही बदाम! मर्लच्या चार गुलामांवर मात करणारा हात. पत्ते वाटणारी कसिनोची पोरगी, तिचेही डोळे टेबलावरच्या बदामांवर खिळले होते. मर्लच्या डोक्यात एकच आलं. या पैशात अ‍ॅन्सलकडे दिवसभर बाई ठेवता येईल. डोकं चालो न चालो, तो इथंच राहील.

"चार गुलाम! मेलो की रे," अ‍ॅन्सल म्हणाला आणि पत्ते न दाखवताच उपडे सरकवू लागला, म्हणजे डाव सोडू लागला. अर्ध्यावर त्याचा हात थांबला. त्यानं पुन्हा पत्ते डोळ्यांशी नेले. कपाळाला आठी पडली.

आणि मर्ल ओरडला, "फेकू नको! उघड कर, गाढवा!"

झालं. हातातोंडाशी आलेला घास गेला. मॅनेजर आला, कॅमेऱ्यात बघितलं, मान हलवली. बक्षीस बाद. टेबलावरच्यांनी मर्लच्या सात पिढ्या उद्धरल्या. "वीस वर्षं नियम शिकवत होतास ना आम्हाला, म्हाताऱ्या?" कुणीतरी म्हणालं. त्यानंतर मर्ल वेड्यासारखा खेळत राहिला आणि खिसा रिकामा करूनच उठला.

पैशाचं दुःख होतंच, नाही कशाला म्हणा. पण छळत होता तो अ‍ॅन्सलचा थांबलेला हात. एक श्वास आणखी थांबलो असतो तर पत्ते नीट वाचले असते का त्यानं? की फेकलेच असते? आता हे कधीच कळणार नव्हतं. आपण ओरडलो ते त्याच्यावर विश्वास नव्हता म्हणून, हे मात्र मर्लला कळून चुकलं होतं. आणि त्याचंच त्याला रडू येत होतं.

"पप्पा!" जोलीन आली. बापाच्या टकलावर ओठ टेकवून ती शेजारी बसली. दमलेली दिसत होती. "कसा झाला खेळ?"

"झकास!" अ‍ॅन्सल म्हणाला. "पण एका मूर्खानं मध्येच तोंड घातलं बघ. मोठं बक्षीस घालवलं. कोण होता रे तो, मर्ल?"

मर्लनं कप खाली ठेवला. "मी होतो."

"तू?" अ‍ॅन्सल खो खो हसला. "थापा मारू नको. तू कसला बोलतोस? एका हाताला एकच खेळाडू, तूच सांगतोस सगळ्यांना."

जोलीन हसली नाही. ती मर्लकडे बघत होती. "काका," ती हळूच म्हणाली, "पप्पांना वाचता येतात ना अजून पत्ते?"

नेहमीचं उत्तर जिभेवर तयार होतं. काल जिथं गप्प बसायचं तिथं ही जीभ सुटली, आणि आज बोलायची वेळ आली तर टाळूला चिकटली.

"नाही गं," मर्ल म्हणाला. "नाही येत. वर्ष होत आलं. मीच सांभाळून घेत होतो. तुला खोटं सांगितलं, पोरी."

जोलीननं डोळे मिटले. चिडेल असं वाटलं होतं, पण तिनं नुसता त्याच्या हातावर हात ठेवला. "दुपारी निघू आम्ही," ती म्हणाली.

अ‍ॅन्सल दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. मग हात लांब करून त्यानं मर्लच्या ताटलीतला परतलेला बटाटा उचलला, रोज उचलायचा तसा.

"दुपारी निघायचं ना?" चावत चावत तो म्हणाला. "मग असा बसलायस काय? तुझी बॅग कुठाय, मर्ल?"

मर्लनं ताटली त्याच्याकडे सरकवली. "खा तू आधी," तो म्हणाला.