दहा मिनिटांचं बोलणं

हॉस्पिटलच्या तळघरातली लाँड्री म्हणजे सहा मोठे ड्रम, एक वाफेचा रोलर आणि अकरा बायका. ड्रम फिरायला लागले की शेजारची काय बोलते तेही कळायचं नाही, त्यामुळे आईबापांनी ठेवलेली नावं तिथे फुकटच गेली होती. कोणाला बोलवायचं तर लोखंडी ट्रॉलीवर थाप मारायची, आणि ओळखायचं ते कामावरून. घडीवालीला घडीवाली म्हणत, कारण तिने घातलेली चादरीची घडी वरच्या फळीवरून खाली आपटली तरी सुटायची नाही. चौदा वर्षं ती घड्याच घालत होती. झोपेतही तिचे हात चालायचे, असं तिची लेक सांगायची.

लेक एकुलती एक. तिचं नर्सिंगचं पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं आणि लाँड्रीतल्या बायकांनी तिला आधीच 'सिस्टर' करून टाकलं होतं. "काय गं, तुझी सिस्टर आमच्या कंबरेला एखादी सुई टोचेल का? का मोठी झाल्यावर ओळखच देणार नाही?" ही चेष्टा रोजची. घडीवाली तोंडाने "गप बसा गं" म्हणायची आणि दिवसभर तेवढ्यावर काम करायची. ह्या तळघरातून वर जायला दोन जिने होते. मळके कपडे खाली यायचे तो एक, आणि धुतलेले वर जायचे तो दुसरा. आपण नाही तर आपली पोरगी त्या दुसऱ्या जिन्याने वर जाईल आणि वरच्या वॉर्डात आपणच घडी घातलेली चादर रोग्याच्या अंगाखाली घालेल, एवढंच तिचं स्वप्न होतं. कोणाला सांगण्यासारखं मोठं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

पहिलं वर्ष कॉलेजच्या मदतीवर निघालं. ती मदत बंद झाली. दुसऱ्या वर्षाची फी भरायची तर एकच आशा होती: आदिवासी मुलींना शिष्यवृत्ती देणारी एक संस्था. फी, वसतिगृह, पुस्तकं, पार शेवटच्या वर्षापर्यंत सगळं. पोरीचे मार्क चांगले, जातीचा दाखला खरा, कागद सगळे जागच्या जागी. संस्थेचं पत्र आलं तेव्हा घडीवालीने ते आधी छातीशी धरलं आणि मग लेकीला वाचायला दिलं.

"सगळं मंजूर आहे, आई," लेक म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "एक राहिलंय. समाजातल्या एका जाणत्या आजींशी दहा मिनिटं बोलायचं. आपल्या भाषेत."

झालं. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते असं.

नियम वाईट नव्हता, हे आधी सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी तीन मुली खोट्या दाखल्यांवर शिष्यवृत्ती खाऊन गेल्या होत्या. तेव्हा संस्थेने ठरवलं, कागद खोटा करता येतो, जीभ खोटी करता येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणून बोटं मोडायची सोयसुद्धा घडीवालीला नव्हती. कारण हा फास तिने स्वतःच वळून ठेवलेला होता.

घडीवाली लहानपणी तीन वर्षं शाळेत गेली होती. घरची भाषा चुकून तोंडातून निघाली की बाई दातांत खडू धरायला लावायच्या. खडू पडला तर पुन्हा पहिल्यापासून. वर्ग हसायचा. चौथीत जायचं तेव्हा ती गेलीच नाही. पुढे लेक झाली, तेव्हा तिने नवऱ्याला सांगून टाकलं, हिच्या कानावर आपला एक शब्द पडता कामा नये. हिच्या तोंडात खडू जाता कामा नये. नवऱ्याने मान डोलावली. तो बिचारा सगळ्यालाच मान डोलवायचा, आणि लेक तीन वर्षांची असताना तापाने गेला.

मग घडीवालीची आई राहायला आली. म्हातारीला दुसरी भाषाच येत नव्हती. ती दारात गाठोडं घेऊन उभी असतानाच घडीवालीने तिला बजावलं, "इथे राहायचं तर पोरीशी बोलायचं नाही." म्हातारीने गाठोडं खाली ठेवलं आणि ते पाळलं. पोरगी शाळेत गेली की मायलेकी हळू आवाजात बोलायच्या. पोरगी दारात आली की म्हातारीचं तोंड मिटायचं. असं सहा वर्षं, एका खोलीत. ती गेली तेव्हा शेजारी म्हणाले, बरी होती हो मुकी म्हातारी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. घडीवालीने त्यांचं म्हणणं खोडलं नाही. आणि पोरगी वर्गात पहिली येत होती, त्यामुळे आपलं काही चुकलं असं तिला कधी वाटलंही नाही.

पत्र वाचून लेक भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मग शिकव."

हातात वीस दिवस होते. तहान लागल्यावर विहीर खणायची ती अशी. कॉलेजला सुट्टी होती, लेक आईबरोबरच यायची. सकाळी रस्त्याने शिकवणी, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत ड्रम थांबलेले असताना दोघी मिळून चादरी धरायच्या. जवळ येताना प्रश्न, लांब जाताना उत्तर. पहिल्या दिवशी घडीवाली चादर धरून जवळ आली. तिने इकडेतिकडे पाहिलं, तोंडावर हात धरला आणि पोरीच्या कानात कुजबुजली, एखादी चहाडी सांगावी तशी. चाळिशी उलटलेली बाई, पण अजून कोणीतरी खडू घेऊन येईल अशी तिला भीती.

लेकीने वही केली. तुला काय म्हणतात? कुठे राहतेस? आई काय करते? आजी कुठली? घरात कोण कोण? काय शिकतेस? कशासाठी? असे एकोणीस प्रश्न आणि त्यांची उत्तरं. पोरगी हुशार होती. आठ दिवसांत वही पाठ. उच्चार तेवढे आखडल्यासारखे यायचे, पण यायचे.

मुकादमबाई एरवी सेकंदाचा हिशेब ठेवणारी. तिनेही काणाडोळा केला. "शिकव गं बाई," ती म्हणाली. "माझ्या पोरीला माझी भाषा येते, पण ती फक्त उलट उत्तरं द्यायला."

एकदा चादर लांब नेताना लेकीने विचारलं, "मला राग आलाय, हे कसं म्हणायचं?"

"ते कोणी विचारणार नाही," घडीवाली म्हणाली आणि कोपरे जुळवले.

ठरलेल्या दिवशी दोघी संस्थेच्या कचेरीत गेल्या. तिसरा मजला, बाहेर लाकडी बाक, आत जायचं काचेचं दार, ते नीट लागत नव्हतं. आधी दोन मुली आत जाऊन आल्या. त्या आत जाता-येता एकमेकींशी मोठमोठ्याने बोलत होत्या, हसत होत्या, आणि ते सगळं घडीवालीच्या भाषेत. भर कचेरीत! कारकून शेजारून गेला तरी त्यांनी आवाज खाली केला नाही. घडीवाली त्यांच्याकडे बघत राहिली. अशी पोर आपलीही झाली असती, हे तिच्या मनात आलं आणि तिने ते तिथल्या तिथे दाबलं.

मग लेकीचं नाव पुकारलं. घडीवाली बाकाच्या कडेला सरकून बसली, फटीतून दिसेल अशी.

आजी लहानखुरी होती. चष्म्याला दोरी, टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी. शेजारी कारकून, समोर कागद. आजीने हसून पहिला प्रश्न विचारला, तुला काय म्हणतात? लेकीने उत्तर दिलं. घडीवालीचे ओठ तिच्याबरोबर हलले. कुठे राहतेस? हेही आलं. आई काय करते? चादरींच्या घड्या घालते. आजी खूश झाली, तिने एक गोळी पुढे सरकवली. काय शिकतेस, कशासाठी? लेकीचं उत्तर इतकं सफाईने आलं की कारकुनानेही वर पाहिलं, त्याला त्यातलं ओ की ठो कळत नसताना. घडीवालीने मनातल्या मनात फी भरून टाकली.

आता वहीतले प्रश्न संपत आले होते. आजीने कागद बाजूला सारला, आपली नात समोर बसावी तशी हनुवटीवर हात ठेवून बसली, आणि सहज विचारलं,

"आणि तुझी आजी तुला काय म्हणायची? लाडाने काय हाक मारायची?"

हा प्रश्न वहीत नव्हता.

आजीने पुन्हा विचारलं, हळू, एकेक शब्द सुटा करून. त्यात रागाचा लवलेश नव्हता, तेच वाईट होतं. लेकीने तोंड उघडलं आणि मिटलं. पेपरमिंटच्या गोळीकडे पाहत राहिली.

घडीवाली उठली. "नातेवाईकांनी बाहेर थांबायचं," असं दारावर लिहिलं होतं ते तिला वाचता येत होतं. तिने दार ढकललं आणि घरच्या भाषेत मोठ्याने, चांगली ओरडून, एक लाडाचं नाव सांगितलं. "असं म्हणायची तिला! तिची आजी असं म्हणायची! पोरगी घाबरलीये, तिला सगळं येतं!"

खालच्या दोन्ही मजल्यांपर्यंत ऐकू गेलं असेल. तिने अख्ख्या आयुष्यात चारचौघांत इतक्या मोठ्याने आपली भाषा कधी काढली नव्हती. आजी उठून दारापर्यंत आली. तिने घडीवालीचे दोन्ही हात हातात घेतले, आणि तिचे डोळे भरले होते.

"किती चोख बोलतेस गं," आजी त्याच भाषेत म्हणाली. "माझ्यापेक्षा चोख. तुला द्यायची असती तर आत्ता सही केली असती."

"आजी, चूक माझी आहे. तिला कशाला शिक्षा?"

"शिक्षा मी देत नाही, बाळा. पण पाठ केलेलं मला कळतं. हिला दिली तर उद्या पाठ करून दहाजणी येतील, त्यांना मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?" तिने डोळे पुसले. आणि सही केली, नकाराच्या रकान्यात.

कारकून सरळ होता. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, तो म्हणाला. पण कॉलेज जागा वर्षभर अडवून ठेवत नाही, आणि एकदा कॉलेजातून गळालेल्या मुलीचा अर्ज संस्था घेत नाही, हे त्याला माहीत होतं आणि त्या दोघींनाही. सगळ्यांनी एकमेकांना बरं म्हटलं.

परतीला दोघी चालत निघाल्या. घडीवाली बोलत सुटली होती. मुकादमबाईला विचारू, कॉलेजच्या बाईंच्या पाया पडू, कोणीतरी असेलच. लेक ऐकत होती. सिग्नलपाशी थांबल्यावर ती म्हणाली,

"तू ओरडून सांगितलंस ते नाव माझं नव्हतं ना?"

घडीवालीने समोरच्या गाड्यांकडे पाहिलं. "माझं होतं," ती म्हणाली. "तुझी आजी मला तसं म्हणायची. दुसरं काय सांगणार होते?"

"मला प्रश्न कळला होता, आई."

"कळला होता? मग बोलली का नाहीस गं? काहीही ठोकून द्यायचं!"

"सुचलं नाही. मी खरंच आठवत होते." लेकीचा आवाज अगदी साधा होता, वहीतलं उत्तर सांगतानाचा. "आजी मला हाकच मारायची नाही. टाळी वाजवायची, दोनदा. मी वळून बघितलं की हसायची. तेच सांगणार होते. पण टाळीला काय म्हणतात, ते तू शिकवलं नव्हतंस."

सिग्नल सुटला. मागच्या माणसाने "चला हो" म्हटलं, तरी घडीवालीचा पाय उचलेना. टाळीचा शब्द तिला येत होता. तो आत्ता तोंडाशी आला होता. पण तो कोणाला आणि कशाला सांगायचा, हे तिला कळेना. शेवटी लेकीने तिचा दंड धरून तिला रस्ता ओलांडून नेलं.

मुकादमबाई भली निघाली. फीचं तिच्या हातात काही नव्हतं, पण लाँड्रीत एक जागा रिकामी होती. सोमवारी लेक खाली आली, मळक्या कपड्यांच्या जिन्याने. "ये सिस्टर," असं म्हणून कोणीतरी जीभ चावली. त्या दिवसापासून ते नाव कोणी घेतलं नाही. दुसरं नाव पडायला वेळ लागतो, आधी काम हातात बसावं लागतं.

अकराच्या सुमाराला रोलरवरून मोठ्या चादरी उतरायला लागल्या. त्यांची घडी एकटीने होत नाही. लेक पलीकडे ड्रमपाशी पाठमोरी उभी राहून ओले कपडे ओढून काढत होती, आणि ट्रॉली तिच्याच बाजूला होती. घडीवालीने हाक मारली. सहाही ड्रम चालू होते, हाक तिच्या स्वतःच्याही कानापर्यंत आली नाही. मग तिने चादर खांद्यावर टाकली, आणि दोनदा टाळी वाजवली.

लेक चटकन वळली. आईकडे बघत क्षणभर उभी राहिली, ती हसली नाही. मग हात पुसत आली आणि तिने चादरीची दोन टोकं धरली.