उतरत्या चंद्राचा लसूण

तिथीमावशीच्या परसात चंद्राला विचारल्याशिवाय काही पेरलं जात नसे. पालेभाजी, वेल, फळझाड चढत्या चंद्रात. कांदा, मुळा, लसूण उतरत्यात. आणि अमावस्येला मातीला हातसुद्धा लावायचा नाही. सगळी गल्ली तिला दिवस विचारून पेरायची, म्हणून तर तिचं हे नाव पडलं होतं. घरात मात्र तिच्या सुनेने या शास्त्राला एकच नाव ठेवलं होतं. थोतांड.

सून पुढच्या खोलीत पार्लर चालवायची. एकच खुर्ची, एक आरसा, आणि आरशाच्या बाजूला खुंटीवर सासूच्या बियाण्याच्या लसणाच्या वेण्या.

"आई, गिऱ्हाईक फेशियल करून घेतं आणि लसणाचा वास घेऊन घरी जातं. काढा त्या."

"कोरडी जागा घरात तेवढीच आहे. तुझ्या डब्याबाटल्या काढ."

सुनेला परसात स्वतःची खोली हवी होती. दार वेगळं, नळ वेगळा, वर पाटी. नवऱ्याने गवंड्याला जागा दाखवूनही ठेवली होती. मावशी त्या दिवशी वाफ्यात मांडी घालून बसली ती गवंडी जाईपर्यंत उठली नाही. "बायकांची तोंडं रंगवायला माझी माती कशाला हवी? आधी मला उचला, मग पाया खणा."

रोजच्या धुसफुशीला मुलगा कंटाळला. जेवण झाल्यावर हात धुता धुता त्याने तोडगा काढला. लसणाचे दोन वाफे. आईने उतरत्या चंद्रात लावायचा, बायकोने मुद्दाम चढत्यात. पाणी, खत सारखं. आईचा लसूण चांगला आला तर परसाचं नाव कुणी काढायचं नाही. बायकोचा तेवढाच किंवा त्याहून बरा आला तर गवंडी बोलवायचा आणि आईने मुकाट्याने बघायचं.

"मंजूर," सून म्हणाली.

"चंद्राची परीक्षा घेतोस होय रे?" मावशी म्हणाली. "घे. तो नापास होत नाही. माणसं होतात."

देवाने बनवलेल्या चंद्रावर पैज लावू नये, हे खरं तर दोघींनाही कळायला हवं होतं. पण घरात एकदा राग मुरला की तो कळणाऱ्या गोष्टीसुद्धा कळू देत नाही.

त्यातच मावशी तापाने पडली. बरेच दिवस अंथरुणात गेले आणि तिची तिथी सुटली. डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टर म्हणाले होते अजून पिकू द्या. आभाळाकडे पाहिलं तर नुसता दुधाळ पडदा, पंचांगाची बारीक अक्षरं तर मुंग्यांसारखी. आता विचारायचं कुणाला? मुलगा कामावर गेलेला. भिंतीपलीकडे शिंपीण होती, समोर किराणावाला होता. पण सगळी गल्ली जिला विचारते तिने गल्लीला कसं विचारायचं? मावशीने गिळता येत नव्हता तो घोट गिळला आणि सुनेला हाक मारली.

"पंचांग बघ गं. उतरता लागला का?"

सुनेने भिंतीवरचं पंचांग काढलं, पानं फडफडवली, बोट फिरवलं. "लागला की. लावा आजच."

मावशीने संध्याकाळी लसूण लावला. डोळ्यांची गरज नव्हती. एकेक पाकळी टोक वर करून बोटाने मातीत दाबत गेली. सून मागच्या पायरीवर उभी राहून बघत होती. पंधरवड्याने सुनेने आपला वाफा लावला. "चढता लागलाय हं, आई. नंतर म्हणू नका सांगितलं नाही."

त्याच आठवड्यात शिंपीण भिंतीवरून डोकावली. "मावशी, मेथी टाकू का?"

"टाक. चढता आहे."

दुसऱ्या दिवशी अंधार पडता पडता ती परत हजर. आवाजात खोच होती. "अहो मावशी, चढता कुठला? चढत्यात दिवेलागणीला चंद्र डोक्यावर असतो, तुम्हीच शिकवलंत. आभाळ रिकामं आहे. माझं बी गेलं ना फुकट!"

"नीट बघ."

"नीटच बघतेय. माझ्या डोळ्यांत मोती नाही पडलेले." मग तिला वाईट वाटलं असावं, आवाज उतरला. "आणि तुम्ही लसूण लावत होतात ना, तेव्हा होता की चंद्र. अर्धा, तुमच्या पाण्याच्या टाकीच्या बरोबर वर. मी म्हटलंही मनात, मावशींनी रीत कधी बदलली?"

मावशी भिंतीला हात टेकून उभी राहिली. घरातून सुनेचा हसण्याचा आवाज येत होता, गिऱ्हाइकाशी बोलताना हसायची तसा. मावशीच्या तोंडात किती शब्द आले असतील ते तिचं तिलाच ठाऊक. तिने एवढंच म्हटलं, "हे तुझ्याजवळ ठेव. मी हाक मारीन तेव्हा बोल."

त्यानंतर घर शांत झालं. भांडणापेक्षा वाईट असं शांत. मावशी दोन्ही वाफ्यांना सारखंच पाणी घालायची, सुनेच्या वाफ्यातलं तण स्वतः काढायची. सुनेला ते खुपायचं. "काय हो, माझ्या लसणावर एवढी माया?"

"वाढू दे. चांगला पोसू दे."

हळूहळू मावशीच्या वाफ्यातले गड्डे मातीबाहेर डोकं काढू लागले, चढत्यात लावलेला लसूण काढतो म्हणतात तसे. ती बोटांनी चाचपायची आणि पुन्हा माती ओढायची. सून खिडकीतून बघायची आणि गुणगुणायची.

पात पिवळी पडली तशी मुलाने एका सुट्टीच्या सकाळी दोन्ही वाफे उपटले. मावशीचे गड्डे लहान, हिरवट, वाकडे. सुनेचे घट्ट आणि पांढरे. निकाल लावायला तराजूची गरज नव्हती, तरी त्याने आणलाच.

"घ्या," सून म्हणाली. "चढत्यात लावलेला. आता तुमच्या चंद्राला म्हणावं, बस कोपऱ्यात. अहो, गवंड्याला फोन करा."

"करतो," मुलगा खाली बघत म्हणाला. "आई, ठरलं होतं आपलं."

"कर की. त्याआधी एक हाक मारू दे." मावशीने भिंतीकडे तोंड केलं. "काय गं, मी लसूण लावला तेव्हा चंद्र कुठं होता?"

शिंपीण जणू वाटच बघत होती. "टाकीवर! अर्धा! चढता! आणि तुमच्या सुनेने लावला तेव्हा संध्याकाळचं आभाळ कोरं."

मुलाने तराजू खाली ठेवला. "पंचांग कुणी वाचलं होतं?"

मावशी सुनेच्या दिशेने वळली. "थोतांड ना गं हे? मग कुठल्याही दिवशी लावायचं होतंस. मला चढत्यात ढकलून स्वतःसाठी उतरता कशाला चोरलास?"

सुनेचा चेहरा लाल झाला. "हो, बोलले खोटं! या घरात आल्यापासून उठता-बसता तेच ऐकलंय. चढता, उतरता, चढता, उतरता! बसलं डोक्यात. तुम्हीच बसवलंत!" हातातला गड्डा तिने भिंतीवर फेकला. "आणि माझी खोली? मी जन्मभर त्या वेण्यांखाली खुर्ची मांडायची?"

"खोली चंद्रावर बांध. तिथं वासही येणार नाही."

"आई!" मुलगा म्हणाला. मग बायकोकडे बघून, "गवंडी येणार नाही. विषय संपला."

विषय संपला, वैर नाही. सुनेचे पांढरे गड्डे मावशीने बियाण्यासाठी निवडले, तिच्याच देखत वेणी घातली आणि तिच्याच आरशाशेजारी टांगली.

आता रोज दिवे लागले की मावशी मागच्या पायरीवर बसते आणि घरभर ऐकू जाईल अशी हाक मारते, "सूनबाई, चंद्र कुठं आहे?"

नवरा घरात असतो. सुनेला हातातलं काम टाकून दारात यावं लागतं, वर बघावं लागतं. "टाकीच्या डावीकडे. कोर आहे," ती दात-ओठ खात सांगते.

"बरं."

सून आत वळली की मावशी भिंतीशी जाते आणि हळू आवाजात विचारते, "काय गं, खरं बोलली का?"